गादीवर दोन थापा

ज्या घरात सुई पडली तरी शोधावी लागत नाही, आपणहून पायाला टोचते, त्या घरात माणूस हरवला असं माझ्या नणंदेनं फोनवर सांगितलं, तेव्हा मला आधी हसूच आलं.

"बाबा घरात नाहीत," ती म्हणाली. "मी केव्हाची आलेय. न्हाणीत बघितलं, बाहेर हाका मारल्या. कुठेच नाहीत."

"ताई, मागच्या पडद्याआड बघितलंत का? झोपले असतील."

"अगं, तुमच्या घरात बघायला आहेच काय? मान फिरवली की संपलं घर! नाहीत म्हणजे नाहीत."

मग मात्र माझं हसू पळालं. मशीनवरचं कव्हर तसंच सोडून मी उठले.

मी बस बांधायच्या कारखान्यात सीटांची कव्हरं शिवते. नवरा तिथेच बसच्या आतलं लाकूडकाम करतो. आमचं घर त्याच आवारात, मागच्या कुंपणाला लागून उभं आहे. उभं म्हणजे चाकांवर उभं. मोडीत निघालेली एक बस मालकानं नवऱ्याला देऊन टाकली आणि त्यानं सुट्टीच्या दिवशी एकेक फळी ठोकत तिचं घर केलं. नणंद त्याला काडेपेटी म्हणते. म्हणू दे. माझं झाडून होतं ते चहाला उकळी फुटायच्या आत. भांडण झालं तर रुसून बसायला दुसरी खोली नाही, त्यामुळे ते तिथल्या तिथे मिटवावं लागतं, नाहीतर एकानं बाहेर उन्हात जाऊन उभं राहायचं. नवरा एकदोनदा उभा राहिला, मग शहाणा झाला. लोक विचारतात, एवढ्याशा जागेत गुदमरत नाही का? मी म्हणते, तुम्ही एवढ्या मोठ्या घरांत एकमेकांना सापडता तरी कसे?

पण या घराची खरी गरज बाबांना होती. बाबा म्हणजे माझे सासरे. एका मोठ्या न्यायालयाच्या इमारतीचे ते रखवालदार होते. आयुष्यभर लांबलचक व्हरांड्यांतून फिरत त्यांनी दारांना कड्या घातल्या, कुलपं ओढून बघितली. नोकरी संपली आणि डोळे जायला लागले. आता त्यांना उजेड कुठला आणि सावली कुठली, एवढंच कळतं. कान मात्र असे तिखट की आवारात कोण चाललंय ते पावलांवरून सांगतात.

आधी ते ताईकडे होते. ताईचं घर दुमजली, ऐसपैस. मुलं शिकायला लांब गेलेली, घरात नवराबायको दोघंच, आणि चहा झाला हे सांगायला ती एकमेकांना फोन करतात. त्या घरात बाबा न्हाणीकडे जाताना वाट चुकायचे. एकदा जिन्याच्या तोंडाशी सापडले, एक पाय हवेत. तेव्हापासून ते एका खुर्चीत बसून राहायला लागले. कुणी उठवलं तर उठायचे, कुणी वाढलं तर जेवायचे. आमच्याकडे आणलं तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी घर हातांनी वाचून काढलं. उजवा हात लांब केला की शेगडी, डावा केला की नळ, पाठ टेकली की भिंत. चौथ्या दिवशी काठी खुंटीला टांगली, ती फक्त अंगणापुरती. पुढच्या आठवड्यात सकाळी मला जाग आली तर बाबा शेगडीपाशी उभे होते आणि विचारत होते, "तू घेणार का गं अर्धा कप?" मी पांघरूण तोंडावर ओढून रडले होते.

ताईला ते पटत नव्हतं. मागल्या खेपेस तिनं माझ्या नवऱ्याकडून शब्द घेतला होता. "एकदा जरी ते पडले, एकदा जरी भटकले, तर मी त्यांना घेऊन जाणार. मग मध्ये बोलायचं नाही." आमचे हे आपल्या सुतारकामाच्या तोऱ्यात "कबूल" म्हणून मोकळे झाले. आज ती दुपारी येणार होती. आली सकाळीच, आणि बाबा गायब.

मी पळत आवार ओलांडलं. ताईची गाडी आत आल्यापासून फाटक सताड उघडं होतं. फाटकाच्या पलीकडे हमरस्ता आणि त्यावर भरधाव ट्रक. माझ्या तोंडचं पाणी पळालं. नवरा रंधा टाकून धावत आला, त्याच्यामागे आणखी दोघंतिघं. मी सांगितलं तशी ती सगळी रस्त्याकडे सुटली. मी उभ्या असलेल्या बसच्या खाली वाकून बघितलं, पाण्याच्या टाकीमागे बघितलं, रंगाच्या शेडमध्ये जाऊन आले. रंगारी म्हणाला, म्हातारबाबा आज दिसलेच नाहीत. उन्हानं पत्रे तापायला लागले होते. एवढ्या उन्हात आंधळा माणूस कुठे गेला असेल?

निदान त्यांनी काठी नेलीय का ते बघावं म्हणून मी घरात शिरले.

काठी खुंटीवर होती. चपला दाराशी होत्या, एकीला लागून एक, जशा ते रोज ठेवतात.

ताई बाकावर बसली होती, हातात फोन, चेहरा लालबुंद. "आलीस? सापडले?"

"नाही अजून."

"तरी मी सांगत होते. हे काय माणसं राहायचं घर आहे? मी आले तर दार उघडं, आत कुणी नाही, आणि दिवस एवढा वर आला तरी तुमचं अंथरूण तसंच पसरलेलं! टेकायला बोटभर जागा नाही."

अंथरूण पसरलेलं, हे शब्द माझ्या डोक्यात जाऊन अडकले. मी वर बघितलं. पलंग वर होता.

इथे पलंगाचं सांगायला हवं. आमच्या घरातली सगळ्यात मोठी वस्तू तीच. रात्री तो चार पट्ट्यांवर खाली येतो आणि दोन बाजूंच्या बाकांवर टेकतो. सकाळी वर नेला की घरात बसायची खोली तयार. वर गेला तरी छताला चिकटत नाही, दीडेक वीत अंतर राहतं, म्हणजे उशा-पांघरुणं घडी न घालता तशीच वर जावीत. ही माझीच मागणी. आधी तो हँडल फिरवून वर न्यावा लागायचा. माझा खांदा धरला तेव्हा नवऱ्यानं भंगारातली एक मोटर बसवली आणि दाराशी बटण लावलं. हँडल फिरवताना हाताला वजन कळायचं. मोटरीला माणूस काय आणि उशी काय, सारखंच.

म्हणून घरात एक नियम आहे. तो कारखान्यातून आलेला. तिथे जॅकवर बस उचलायच्या आधी माणूस पत्र्यावर दोन थापा मारतो, "वर!" म्हणून ओरडतो आणि थांबतो. खाली कुणी असेल तर ते आवाज देतं, मगच बस उचलायची. घरी आम्ही गादीवर दोन थापा मारतो, "वर!" म्हणतो, आणि घरात असेल त्यानं "मी इथे" म्हणायचं. सगळे बोलल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. नवऱ्यानं मागल्या खेपेस मोठ्या कौतुकानं ताईला ते बटण दाखवलं होतं. थापांचंही सांगितलं होतं. ताई म्हणाली होती, "घर आहे की सर्कस?"

सकाळी कामावर निघताना पलंग मी मुद्दाम खालीच ठेवते. बाजूच्या खिडकीतून त्यावर कोवळं ऊन येतं आणि बाबा आपला चहा झाला की त्या उन्हात डोक्यावरून पांघरूण घेऊन पडतात. त्या पांघरुणाखाली इतके कृश दिसतात की नवरा म्हणतो, बाबा आहेत की गादीला सुरकुती पडलीय!

पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पलंगाच्या कडेला, फळीवरून चार बोटं बाहेर आलेली होती. बोटं हलत होती. माझ्या तोंडून आवाज फुटणार, तेवढ्यात त्यातलं एक बोट ताठ झालं आणि डावी-उजवीकडे हललं. नको. बोलू नकोस.

बाबा वर होते. जिवंत होते. आणि ताई बरोबर त्यांच्या खाली बसली होती.

माझा जीव भांड्यात पडला असं म्हणवत नाही. अर्धा पडला आणि अर्धा वरच लटकत राहिला. कारण पुढच्या क्षणी मला सगळं कळलं. बटण मी दाबलं नव्हतं. नवऱ्यानं दाबलं नव्हतं. टेकायला जागा हवी म्हणून ताईनं दाबलं होतं, थाप न मारता, हाक न देता, आपल्याच वडिलांना पांघरुणासकट उचलून छताला नेऊन ठेवलं होतं, आणि आता त्यांच्याच खाली बसून ती मला जाब विचारत होती.

"तुझं लक्ष असतं कुठे? दिवसभर मशीन आणि मशीन. आंधळ्या माणसाला असं एकटं सोडतात?"

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. ताई, जरा वर बघा. एवढंच. माझी जीभ काही फार सबुरीची नाही, हे कारखान्यात कुणीही सांगेल. एका वाक्यात ताईचं तोंड बंद झालं असतं आणि बाबा कायमचे आमच्याकडे राहिले असते. मी तोंड उघडलं सुद्धा. पण ते बोट पुन्हा हललं. या वेळी जोरात.

त्यातच ताईचा फोन वाजला. तिचा नवरा होता.

"नाही सापडले," ती म्हणाली. "सापडले की घेऊनच येते, आता मी कुणाचं ऐकणार नाही. तुम्ही मागची खोली रिकामी करून ठेवा. आणि हो, सुताराला बोलावून दाराला बाहेरून कडी बसवून घ्या. हो, बाहेरूनच. दिवसभर कोण मागे फिरणार त्यांच्या?"

चार बोटं फळीवरून आत गेली.

मला ताईचा राग आला आणि त्याहून जास्त बाबांची दया आली. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घातल्या, तो वर पालथा की उताणा पडून हे ऐकत होता, आणि कानांनी तर तो कुणाला हार जाणारा नव्हता. वर पत्रा तापत होता. भर उन्हात त्या पत्र्याला बाहेरून हात लावला तर चटका बसतो. अजून भर ऊन व्हायचं होतं, पण फार वेळ नव्हता. मी मनाशी ठरवलं, बोटं पुन्हा दिसली नाहीत तर मी सरळ ओरडणार, मग ताईला काय वाटायचं ते वाटो.

"ताई, तुम्ही जरा बाहेर सावलीत बसता का? इथे उकडतंय."

"मी इथून हलणार नाही. बाबा या दारातून आत येईपर्यंत नाही."

पलंग खाली आणायचा तर बाक रिकामा हवा. ताई बाकावर असताना पलंग उतरवला तर तो तिच्या डोक्यावरच टेकला असता, आणि माझी कितीही इच्छा असली तरी ते करता येत नव्हतं.

"टाकीपाशी कुणीतरी दिसलं म्हणत होता रंगारी. तुम्ही बघून येता?"

"तू जा. माझे गुडघे दुखतात."

"पाणी देऊ? बाहेर नेऊन देते."

"अगं, पाणी कसलं देतेस? माणूस हरवलाय आणि तुला पाहुणचार सुचतोय!" ती रडवेली झाली होती. खोटं कशाला बोलू, ताईचं बाबांवर प्रेम नाही असं मला कधीच वाटलं नाही. तिच्या घरात माणसं कमी आणि खोल्या जास्त, तिला ते हवे होते. फक्त ठेवायचे कसे ते तिला कळत नव्हतं.

मी वर बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. बोटं दिसत नव्हती. बस्स, आता ओरडायचं, असं म्हणून मी श्वास घेतला, आणि तेवढ्यात ताईच्या मनगटावर टपकन एक थेंब पडला.

तिनं मनगटाकडे बघितलं. "हे काय?"



दुसरा थेंब तिच्या मांडीवर पडला. "अगं, छत गळतंय का तुमचं?"

बाहेर लख्ख ऊन. या छताचा एकेक सांधा नवऱ्यानं स्वतः भरलेला, गेल्या तीन पावसाळ्यांत त्यातून टिपूस आत आलेलं नाही, आणि हे मी भेटेल त्याला ऐकवत असते. पण देवानं दिलेली संधी होती.

"हो ना," मी म्हणाले. "गळतं. फार गळतं. वर पाण्याचा पाइप आहे, तो फुटला असेल. उठा उठा ताई, अंगावर येईल सगळं!" जन्मात पहिल्यांदा मी माझ्या घराची बदनामी केली.

ताई टुणकन उठली. गुडघ्यांची आठवण तिला बाहेर गेल्यावर झाली. "तरी मी म्हणत होते," असं म्हणत ती फाटकाकडे गेली आणि भावाला फोन लावायला लागली.

मी दार लोटलं, बटण दाबलं. ती मोटर एवढी सावकाश चालते हे मला कधी जाणवलं नव्हतं. पलंग बाकांवर टेकला. बाबा घामानं निथळत होते, ओठ कोरडे पडलेले, पांघरूण पायाशी ढकललेलं. मी त्यांना धरून बसवलं, तांब्या तोंडाला लावला. ते घटाघटा पाणी प्यायले.

"हाक का नाही मारलीत?" मी दबक्या आवाजात पण ओरडलेच. "वर गेला असतात ना कायमचे!"

"आधी वाटलं, गेलोच," बाबा म्हणाले. "जाग आली तर नाकासमोर पत्रा. मग मोठीचा आवाज ऐकला. म्हटलं, नाही, अजून इथेच आहे."

"बाबा, चेष्टा नको."

"हाक मारणार होतो. पण ती तुला फोनवर ओरडत होती, मी हरवलो म्हणून. म्हटलं, आता बोललो तर तिला कळेल की तिनंच केलं. ती लहानपणापासून मनाला लावून घेते गं. म्हटलं, शोधायला बाहेर जाईल, तेवढ्यात तू येशील. तर ती बया हलायलाच तयार नाही." त्यांनी माझा हात चाचपून धरला. "तिला सांगायचं नाही. शपथ घे."

"आणि मग ती तुम्हाला घेऊन जाईल. कडी ऐकलीत ना?"

"ऐकली," बाबा म्हणाले.

"मग?"

"मग काय? माझी पोरगी आहे ती."

मला त्यांचा एवढा राग आला की मी शपथ घेऊन टाकली. बसला मागच्या बाजूनं एक संकटकाळी उघडायचं दार असतं, ते आमच्या घरालाही आहे. त्या दारानं मी त्यांना उतरवलं, कुंपणाच्या सावलीत जुन्या टायरांच्या चळतीवर बसवलं, आणि पुढे जाऊन ओरडले, "सापडले! सापडले!"

ताई गुडघे विसरून धावत आली. बाबांच्या गळ्यात पडून आधी रडली आणि मग त्यांच्यावर ओरडली. "कुठे गेला होतात? अनवाणी? रस्त्यावर गेला असतात म्हणजे?"

"इथेच होतो," बाबा म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

नवरा धापा टाकत आला. बाबांना बघून त्यानं आधी दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा पुसला, आणि मग माझ्यावर घसरला. "एवढं फाटकाकडे लक्ष ठेवता येत नाही तुला? आता काय तोंडानं अडवू हिला?"

तळपायाची आग मस्तकात गेली. फाटक तुझ्या बहिणीनं उघडं ठेवलं, हेसुद्धा मला बोलता येत नव्हतं, कारण एक धागा ओढला की सगळी शिवण उसवली असती. मी दातांखाली जीभ धरून उभी राहिले. बाबा माझ्या दिशेनं मान वळवून होते. माझा श्वास ऐकत होते बहुतेक.

आम्ही सगळे घरात आलो. पलंग खालीच असल्यामुळे बसायला जागा नव्हती, सगळे उभेच. ताईनं बाबांची पिशवी काढली आणि भरायला घेतली. दोन सदरे, टॉवेल, दाढीचं सामान, एक जाड स्वेटर. छोट्या घरात राहणाऱ्याचं सामान भरायला वेळ लागत नाही. हा या घराचा फायदा मला त्या दिवशी पहिल्यांदाच नकोसा झाला.

"चला बाबा," ताई म्हणाली. "आता बोलायचं काही उरलं नाही. भावानं शब्द दिलाय."

नवरा दारात मान खाली घालून उभा होता. बाबांनी हात लांब केला, शेगडीच्या कडेवरून एकदा फिरवला, मग नळाच्या तोटीवरून. कुठे काय आहे ते बघायला नव्हे. मी भिंतीकडे तोंड केलं. शपथ मोडावी, आत्ता मोडावी, असं मनात येत होतं.

"माझा स्कार्फ कुठे गेला?" ताई इकडेतिकडे बघत म्हणाली. "आल्या आल्या काढला होता. उकडत होतं म्हणून."

"गाडीत असेल," नवरा म्हणाला.

"नाही रे, इथेच टाकला. गादीवर..."

ती थांबली. स्कार्फ बाबांच्या गळ्यात होता. निळा, बारीक ठिपक्यांचा. वर घाम पुसायला त्यांच्या हाताला लागला असणार, आणि मग सवयीनं पंचासारखा मानेवर टाकलेला. माझ्या घाईत मला तो दिसला नव्हता, आणि बाबांना तर दिसायचा प्रश्नच नव्हता.

"हा होय?" बाबांनी चाचपून बघितलं. "हा मला... बाहेर सापडला. वाऱ्यानं उडाला असेल."

बाहेर वाऱ्याचं नाव नव्हतं. आणि बाबांना खोटं बोलता येत नाही, इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी गरजच पडली नव्हती.

ताईनं स्कार्फकडे बघितलं. मग गादीकडे बघितलं. मग दाराशेजारच्या बटणाकडे. ती वाकली आणि गादीवर तळहात ठेवला. गादी ओली होती, माणसाच्या आकाराएवढी ओली. तिनं स्वतःचं मनगट डोळ्यांपुढे धरलं, जिथे तो थेंब पडला होता. तो घाम होता की काय, हे मी बाबांना अजून विचारलेलं नाही.

नवरा "काय झालं?" म्हणणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला. आमच्या घरात त्यासाठी जागचं हलावं लागत नाही.

"बाबा," ताईचा आवाज ओळखू येत नव्हता. "मी फोनवर बोलत होते तेव्हा..."

"मला काही ऐकू आलं नाही," बाबा घाईनं म्हणाले.

ज्या माणसाला आवारातल्या पावलांवरून माणसं कळतात, तो म्हणाला, मला ऐकू आलं नाही. ताई गादीच्या कडेवर बसली आणि तोंडात पदर कोंबतात तसा तो स्कार्फ ओढून घ्यायला गेली, पण तो बाबांच्या गळ्यात होता, म्हणून तिनं नुसतीच मूठ तोंडावर धरली. ती बराच वेळ रडली. मला वाटलं होतं, ताईला असं गप्प झालेलं बघून मला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही. मी तिच्या शेजारी बसले.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "आल्यावर कळलं मला."

"मग बोलली का नाहीस? मी तुला एवढं बोलले."

"बोलणार होते. वरून परवानगी नव्हती."

ती रडता रडता हसली, आणि पुन्हा रडली. मग उठून तिनं पिशवी उघडली. टॉवेल काढला आणि खुंटीला लावला. चुकीच्या खुंटीला.

"ताई, पलीकडची," मी हळूच म्हणाले. तिनं तो काढून पलीकडच्या खुंटीला लावला, आणि बाबांचा हात धरून त्यांना तो तिथे असल्याचं दाखवलं. सदरे, स्वेटर, दाढीचं सामान, सगळं मला विचारून विचारून जागच्या जागी ठेवलं. नवऱ्याला एव्हाना सगळं कळलं होतं, आणि तो माझ्याकडे बघायचं टाळत होता. ते मी पुढे बरेच दिवस पुरवून पुरवून वापरलं.

"चहा करतो," बाबा म्हणाले. "सगळ्यांना बसायला जागा करा."

जागा करायची म्हणजे पलंग वर न्यायचा. बटणापाशी ताईच उभी होती. मी पुढे होणार होते, तर तिनं मला हातानं थांबवलं. ती वाकली आणि गादीवर थाप मारली. मग दुसरी.

"वर," ती म्हणाली. आवाज फुटला नाही नीट. तिनं घसा साफ केला. "वर!"

"मी इथे," मी म्हणाले.

"मी इथे," नवरा म्हणाला.

"मी इथे," बाबा शेगडीपाशी उभे होते.

तरी तिनं बटण दाबलं नाही. एक बोट बटणावर ठेवून तिनं दुसरा हात लांब केला आणि बाबांच्या खांद्यावर ठेवला. बटणापासून शेगडीपर्यंत आमच्या घरात हात पोचतो. खांदा घट्ट धरून मग तिनं बटण दाबलं, आणि पलंग वर जाऊन थांबेपर्यंत काही सोडला नाही.